रेघेच्या वर वीतभर

माझा धाकटा भाऊ विजयसिंह याने गेल्या दिवाळीत पुण्याहून एक जुनी, लाल, दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार आणली. कोल्हापुरातल्या प्रत्येक गतिरोधकाला तिचे पोट घासू लागले, तेव्हा त्याने पुढच्या स्प्रिंगा बदलून तिचे नाक दोन बोटे उंचावले. नाकाबरोबर दिवेही वर गेले आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत घुसू लागले. प्रकरण एखाद्या गॅरेजात मिटले असते. पण ते आमच्या वडिलांच्या, आण्णांच्या, कानावर गेले.

"घरात फिटर असताना गॅरेज कशाला रं हुडकतोस?" ते म्हणाले.

आण्णा अडतीस वर्षे शिरोली एमआयडीसीत फिटर होते. निवृत्तीनंतरची सोळा वर्षे ते शिवाजी पेठेत माझ्याकडे राहतात. त्यांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मी करवून घेतली. उजव्यातला मोतीबिंदू अजून पिकायचा आहे. दिवसातून चार वेळा थेंब मी घालतो. या सोळा वर्षांत त्यांनी माझ्या कामाविषयी एकच वाक्य उच्चारले आहे. बारा वर्षे मोडी दफ्तरे उपसून लिहिलेला माझा ग्रंथ त्यांनी तळहातावर तोलला आणि ते म्हणाले, "लई जाड झालंय." इतिहास हा पुराव्याचा व्यवहार असल्यामुळे हे वाक्य मी तारखेसह जपून ठेवले आहे.

आमच्या गल्लीत भिंतीसमोर दिवे जुळवण्याइतकी पंचवीस फूट सपाट जमीन मिळणे अशक्य, म्हणून रविवारी दिवस मावळताना आम्ही विजयच्या बंगल्याच्या आवारात जमलो. जिना उतरताना माझा दंड धरणारे आण्णा तेथे कोणाचाही आधार न घेता गुडघ्यांवर बसले. पाणी भरलेली पारदर्शक नळी गाडीपासून भिंतीपर्यंत ताणून त्यांनी दिव्याची उंची भिंतीवर नेली आणि खडूने आडवी रेघ मारली. नळीतले पाणी स्थिर होईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता. माझ्या प्रकाशन समारंभात हाच मनुष्य पहिल्या रांगेत घोरत होता.

"चाकातली हवा बघितलीस?"

"व्हय, आण्णा."

"तेल?"

"अर्धी टाकी हाय."

"मग गाढवा, बाहीर का हुबा? आत बस. चालवणारा बसल्याबिगर गाडी खरी हुबी ऱ्हात न्हाई."

विजय हसत आत बसला. माझ्या एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात आण्णांनी मला कधीही गाढव म्हटलेले नाही. ते मला 'प्राध्यापक' म्हणतात. शिवीचाही हेवा वाटू शकतो, हे माझ्या वाचनात कोठेही आले नव्हते.

तेवढ्यात विजयला त्याच्या कारखान्यातून फोन आला आणि तो बोलत बोलत घरात गेला.

"प्राध्यापक, तू बस," आण्णा म्हणाले. "वजन दोघांचं सारखंच असंल."

अशा रीतीने मी भावाच्या आसनावर भावाचे वजन म्हणून स्थानापन्न झालो. उघड्या बॉनेटमुळे समोरचे दिसत नव्हते, म्हणून खिडकीतून मान बाहेर काढावी लागली. आण्णांनी उजव्या दिव्यावर टॉवेल टाकला आणि डाव्या दिव्याच्या मागचा स्क्रू फिरवू लागले. झगमगाटात त्यांना भिंतीवरचे काही दिसत नव्हते; दिसत होते ते मला.

"उजेड रेघंच्या खाली दोन इंच पायजे. आला का?"

प्रकाशाची वरची कड रेघेच्या वर वीतभर होती.

"आला," मी म्हणालो.

"नीट बघ. दोन इंच?"

"बरोबर दोन इंच."

दुसऱ्या दिव्याच्या वेळीही मी तेच सांगितले; दोन्ही दिवे सारखे हवेत, एवढी शिस्त माझ्यात आहे. मला अपघात नको होता. महामार्गावरच्या एखाद्या ट्रकचालकाने विजयचा यथोचित उद्धार करावा, त्या लाल रंगाची थोडी बेअब्रू व्हावी, इतकीच माझी माफक अपेक्षा होती. स्क्रू कोणाच्या हातात आहे, याचा मी विचार केला नाही.

सोमवारी विजय आण्णांना घेऊन शाहूवाडीला आत्याकडे गेला. परतताना अंधार पडला. विजयने नंतर सांगितले की शाहूवाडी सोडल्यापासून समोरचे प्रत्येक वाहन दिव्यांची उघडझाप करत होते. शेवटी दुधाचा एक टँकर आडवा थांबला. चालक उतरून ओरडला, "पावणं, लोकांचं डोळं फोडायचं ठरवलंय का काय? कुणी लावलं हे दिवं, आंधळ्यानं?"

आण्णांना माझ्या दारात सोडताना विजय हलकेच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आण्णा. उद्या पुण्याचा माणूस बोलावतो." तो त्यांच्यावर चिडला असता तर मला पुष्कळ बरे वाटले असते.

सकाळी आण्णांनी चहा घेतला नाही. कॉटखालची हत्यारांची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती.

"ही कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या केरबाला दिऊन टाक. उभ्या जल्मात सुताएवढा फरक पडू दिला न्हाई. आता नजर बी गेली, हात बी गेला."

"आण्णा, तुमचा हात चुकलेला नाही," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं. उजेड रेघेच्या वर होता. मला विजयचा हेवा वाटत होता."

त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि तेथेच राहिला.

"येडा का खुळा? एवढी पुस्तकं लिवणारा माणूस असलं करील व्हय? बापाला बरं वाटावं म्हणून सोत्ताच्या अंगावर घेतोस."

"खरंच सांगतोय, आण्णा."

"बास. कळलं मला."

त्यांनी विजयला फोन लावला. "आरं, थोरला माझ्यापायी खोटं बोलतोय. असली माया तुझ्यात न्हाई बघ." फोन माझ्या कानाला लावला गेला. "दादा," पलीकडून विजय अवघडून म्हणाला, "मला न्हाई सुचलं असं." त्या स्वरातला हेवा मी तत्काळ ओळखला; माझा तो विषय आहे. पुन्हा सत्य सांगायला मला दोन वाक्ये पुरली असती. पाठीवरचा हात मात्र मग निघाला असता.

दुपारी मी ती पिशवी कोपऱ्यावर केरबाच्या गॅरेजात नेली. त्याने एकेक पाना काढून कापडाने पुसला.

"आण्णा आता काम करणार न्हाईत?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना नीट दिसत नाही."