मावल्याच्या बांधावरची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. उंचीने बुटकी, अंगाने जाड आणि आता ठिकठिकाणी पोपडे निघालेली. आदिलाबादला लागूनच मावला नावाचे गाव आहे. तिथल्या तलावाच्या बांधावर लोक सकाळ-संध्याकाळ फिरायला येतात. त्यांच्यापैकी कोणी घसरून पाण्यात पडू नये, म्हणून १९८४ साली मला बांधले. पहिली दोन वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. आलेच तर पाठ टेकायला, नाहीतर पान थुंकायला!

माझे नशीब उघडले ते अमृतरावांमुळे. ते शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. रोज बांधावर फिरायचे आणि माझ्याकडे पाहून चुकचुकायचे. एका दसऱ्याला त्यांनी वस्तीतल्या घरांना माझा एकेक तुकडा वाटून दिला. ज्याचा तुकडा त्याने रंगवायचा आणि दर दसऱ्याला त्यानेच त्याची निगा राखायची, असा त्यांचा नियम. गेरू, नीळ, पिवळी माती आणि शाळेतल्या रंगांच्या पुड्या डिंकाच्या पाण्यात कालवल्या. पावसाने रंग ओघळू नयेत म्हणून माझ्या माथ्यावर कौलांची ओळ बसवली.

मग काय विचारता! वस्तीतल्या बयनाबाईंनी पोळ्याचे बैल काढले, त्यांची शिंगे बैलांपेक्षा मोठी. शेजारच्या तेलुगू बायकांनी त्यांच्या सणातली बतुकम्मा, म्हणजे फुलांची उंच रास, रंगवली. मला त्या दिवसांत थोडा गर्वच झाला होता. फिरणारी माणसे माझ्यापाशी थांबत, हसत, एकमेकांना आपापला तुकडा दाखवत.

त्यातला एक तुकडा धोंडीबा आणि मालनबाईंचा. धोंडीबा घरांना चुना मारण्याचे काम करायचा. मालनबाई मळ्यातली भाजी टोपलीत घेऊन याच वाटेने बाजारात जायच्या. त्यांची एकुलती एक लेक रुख्मिणी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने वांग्याचे झाड काढले. नीळ आणि गेरू मिसळून वांगी जांभळी केली. पाने काढायचा कंटाळा आला, तेव्हा तिने हिरव्या रंगात हात बुडवला आणि पंजाच माझ्यावर उमटवला. "हे पान झालं!" म्हणाली. तिचा तो ओला, गार हात मला अजून आठवतो.

तीन वर्षांनी, श्रावणात, रुख्मिणीला ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली.

तेरवी झाली की घर पोतारून काढायचे, ही इथली रीत. धोंडीबाने आपल्याच हातांनी घर पांढरे केले. रुख्मिणीने कोळशाने काढलेल्या चिमण्या, दारामागे तिची उंची मोजलेल्या रेघा, सगळे चुन्याखाली गेले. रीतच ती, त्याला तरी काय बोलावे? पण त्या दिवसापासून मालनबाईंच्या लेकीचे या जगात एवढेच उरले, माझ्या अंगावरचे एक हिरवे पान.

त्या रोज सकाळी टोपली खाली ठेवायच्या आणि पानावर आपला हात ठेवायच्या. आज मेथी आहे, गाय व्याली, तुझ्या मैत्रिणीचे लग्न ठरले, असे काहीबाही सांगायच्या. सांगता सांगता रडायच्या. दर दसऱ्याला वांग्यांना नवा रंग द्यायच्या, पानाला मात्र रंग लावायच्या नाहीत. पान फिकट होत चालले होते.

१९९३ चा दसरा जवळ आला. एका दुपारी धोंडीबा बादली आणि कुंचा घेऊन आला. मला वाटले, वांगी रंगवायला आला असेल. बादलीत चुना होता. त्याला थांबवावेसे वाटले, पण मला तोंड कुठले? त्याने डोळे पुसले आणि पहिला हात मारला. मग दुसरा. अमृतराव दोन वर्षांपूर्वीच वारले होते. ज्याचा तुकडा त्याचा, म्हणून कोणी हटकलेही नाही. उलट जाता जाता बयनाबाई म्हणाल्या, "बरं केलं भाऊ. आता तरी बाई सावरंल."

दुसऱ्या दिवशी मालनबाई आल्या. टोपली डोक्यावरच राहिली. त्यांनी चाचपून पाहिले, तळवा पांढरा झाला. मागे धोंडीबा उभा होता.

"काऊन पुसलं हो तुमी?"

"तू रोज रडून राह्यली होती. मले पाहवत नव्हतं."

"घरातलं पुसलं तवा मी काई बोलली का? हे एवढं तर ठेवायचं होतं!" त्यांचा आवाज फाटला. "मी हितं रडाले नव्हती येत. लेकीले भेटाले येत होती."

धोंडीबा गडबडला. त्याने खांद्यावरचा रुमाल तलावात भिजवला आणि मला घासू लागला. चुना निघाला, पण त्याच्यासोबत खालचा डिंकाचा रंगही निघाला. रुमालावर जरासे हिरवे आले. तो रुमाल तसाच हातात धरून तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. बायकोवर त्याचा फार जीव होता.

मालनबाई त्यानंतर बांधावर आल्या नाहीत. आता त्या मोठ्या सडकेने, लांबचा फेरा घेऊन बाजारात जातात. माझ्यावरचे बैल, बतुकम्मा सगळे हळूहळू विटले. त्याचे मला फारसे वाटत नाही, भिंतीचे रंग उडायचेच. पण मित्रांनो, कोणाचे दुःख हलके करायला जाल, तेव्हा आधी त्या माणसाजवळ बसा आणि त्याला विचारा. धोंडीबाने एका सकाळी बायकोसोबत इथवर येऊन ती काय बोलते ते ऐकले असते, तर त्यालाही आपल्या लेकीशी बोलता आले असते.