सैल केलेल्या शिवणी

टेलर मास्तरांच्या बायकोचा तिच्या निळ्या कोटावर फार भरवसा. वजनकाट्यावर ती सहसा पाय ठेवायची नाही. कोट अंगात बसला की झालं. आणि तो दरवर्षी बसायचा, कारण थंडी सुरू होण्याआधी मास्तर शिवणाच्या दुकानात बसून गुपचूप त्याच्या शिवणी उसवायचे, आत दुमडलेलं कापड थोडं सोडायचे आणि जुन्या शिवणीची खूण इस्त्रीने पुसून टाकायचे. गिऱ्हाइकांसाठी हे नेहमीचंच काम. पण गिऱ्हाइकांना ते सांगून करत.

यंदा तिच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन पार पडल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. अंगावरची जादा चरबी नुसती पडून राहत नाही, निरोप धाडत राहते. त्या निरोपांनी नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि गाठीला रसद मिळते. राखणीच्या पेशी सुस्तावतात, काही तर गाठीलाच सामील होतात. हेच एक कारण असं नव्हे, कुणी स्वतःला बोल लावून घेऊ नये. पण आजार उलटू नये म्हणून वजन उतरवायला हवं.

"तुमचा काटा बिघडलाय," बायको हसून म्हणाली. "मी कोटाला विचारून जेवते. लग्नानंतरचा कोट अजून बसतो मला. विचारा यांना."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान डोलावली. कोट बसतो, हे काही खोटं नव्हतं.

घरी आल्यावर तिने पथ्याचा कागद न वाचताच खणात टाकला आणि ताट वाढून घेतलं. मास्तरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. तिला वाईट वाटू नये म्हणून केलं, असं ते आजवर मनाला सांगत आले होते. खरं तर तिचा रुसवा सोसायची त्यांचीच छाती नव्हती.

ते उठले, कोट आणून तिच्यासमोर उलटा धरला आणि अस्तर उसवलं. शिवणीच्या कडेला जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा होत्या, एकीपलीकडे एक.

"हे मी केलं," ते म्हणाले. "दरवर्षी. आता सोडायला आत कापड उरलं नाही."

तिने त्या भोकांवरून बोट फिरवलं.

"सगळ्या जगाला त्याचं माप तोंडावर सांगता. मलाच तेवढं फसवलंत?"

ती उभी राहिली. ऑपरेशनच्या बाजूचा हात अजून पुरता वर जात नव्हता, जेवढा गेला तेवढा तिने उचलला.

"घ्या माप."

त्यांनी टेप तिच्या कमरेभोवती गुंडाळली, आकडा ओठांतल्या ओठांत वाचला.

"मोठ्याने," ती म्हणाली.