वेदीपाशी बांधलेला बोकड

अकोल्याच्या त्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत देवाच्या खालोखाल कोणाचा धाक असेल, तर तो शांतवनकाका तायड्यांचा. छत्तीस वर्षं त्यांनी गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरकी केली होती. बैलाचा जबडा फाकवून औषध ओतायचा हात होता त्यांचा, आणि निवृत्त झाल्यावर तोच हात ते माणसांवर चालवू लागले. बुधवारचा बायबल अभ्यासाचा वर्ग त्यांचाच. त्यांचं बायबल सात रंगांच्या पेन्सिलींनी रंगवलेलं : आज्ञा लाल, आशीर्वाद हिरवे, आणि ज्या ओव्या, म्हणजे वचनं, दुसऱ्या कोणाला लागू पडतात, त्या जांभळ्या. जांभळी पेन्सिल दर दोन महिन्यांनी नवी घ्यावी लागे.

मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री, पियुष तीस वर्षांचा, नवा. त्याच्या उपदेशात पौलाच्या प्रवासातलं एखादं गाव मागंपुढं झालं, की तिसऱ्या बाकावरून काका उठून उभे राहत. "पाळकसाहेब, आधी हे गाव, मंग थे." एवढंच बोलून बसत. त्यांना वाटे, ही आपली सेवा. पियुषला काय वाटे, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर हंगामाचा सण आला. त्या दिवशी ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपाशी आणायचं आणि भक्ती संपली की अंगणात त्याचा लिलाव करायचा, अशी रीत. तुरीच्या हिरव्या फांद्या, कापसाची बोंडं, कोहळं, टोपलीभर अंडी असं सगळं मांडलेलं होतं. काकांनी आणला बोकड. काळाकुळकुळीत, घरी वाढवलेला, आणि मालकासारखाच मान ताठ.

नुसता बोकड देऊन गप्प बसतील तर ते काका कसले! दोरी हातात धरूनच त्यांनी बोध सुरू केला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं सांगितलं : वेदीपाशी दान आणलं आणि तिथं भावाची आठवण झाली, तर दान तिथंच ठेवायचं, आधी भावाशी समेट करायचा. बोलताना नजर होती माणिकबाई आणि ललिताबाईवर. दोघींचं नळाच्या पाण्यावरून वाजलं होतं.

"काका," पियुष हळूच म्हणाला, "अमरावतीच्या नत्थूभाऊचं काय?"

नथानिएल, म्हणजे नत्थू, काकांचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

"त्याले मी कवाच माफ केलं."

"पण ओवीत तसं नाही ना काका. तुमच्या मनात त्याच्याबद्दल काय आहे, ते विचारलेलंच नाही. त्याच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे, ते विचारलंय."

काकांनी बायबल उघडलं. ओवी जांभळी होती. चाळीस वर्षं वाचली, शेकडो जणांवर फेकली, आणि ओवीतला राग आपला नाही, भावाचा आहे, हे आज दिसलं.

"दान तिथंच ठेवून जा, असं लिहिलंय," पियुष फार गोड आवाजात म्हणाला. "तिथंच म्हणजे तिथंच. तुम्हीच शिकवलंय. तुम्ही येईपर्यंत लिलावही थांबेल."

आता मागं फिरलं, तर बुधवारी वर्गासमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं? काकांनी बोकड वेदीच्या पायाला बांधला आणि अमरावतीची एसटी धरली.

मूर्तिजापूर येईस्तोवर त्यांनी नत्थूच्या रागाची कारणं मनात मांडली होती. अमरावतीत नत्थूचं कूलर दुरुस्तीचं दुकान. थंडीचे दिवस, नत्थू रिकामाच बसलेला.

"काहून आला?" त्यानं वर न पाहता विचारलं.

"समेट कराले. मायची शिलाई मशीन मी ठेवली, त्याचा राग हाय का तुले?"

"थे तर मी कवाच विसरलो."

"मंग तुह्या रागिणीच्या लग्नाले आलो नाई म्हणून?"

"तू नाई आला म्हणून तर लग्न वेळेवर लागलं."

"मंग सांग ना बाप्पा, काय हाय तुह्या मनात!"

"तू एवढा शिकेल माणूस. शोध अध्याय-ओवी लावून."

काका रिकाम्या हातानं परतले. बुधवारी पुन्हा गेले, पुन्हा परतले.

इकडे बोकड जिथल्या तिथं. सोमवारी त्यानं तुरीच्या फांद्या संपवल्या, मंगळवारी झेंडूचे हार. बुधवारच्या वर्गाला काका एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गैरहजर होते. बोकड हजर होता. गुरुवारी वेदीच्या कापडाची झालर गेली. शेजारच्या गल्लीतल्या बाया दर्शनाला येऊ लागल्या, कोणीतरी त्याच्यापुढे नारळ ठेवला, पियुषनं तो उचलला, तर दुसऱ्या दिवशी दोन आले. बोकड उपास-प्रार्थनेला बसला आहे, अशी वार्ता अकोटपर्यंत गेली. आता आठवड्यात सहा किलोनं वाढलेला प्राणी उपासाचा नसतो, हे कोणाला कळू नये? पण श्रद्धेपुढे वजनकाटा चालत नाही.

शनिवारी काका तिसऱ्यांदा गेले. नत्थू दुकानात होता. त्याची बायको नीलम हिनं काकांना घरात बसवलं, पुढ्यात दह्यातल्या गिल्या वड्याची प्लेट ठेवली आणि म्हणाली, "मोठे भाऊजी, थे काई सांगणार नाईत. मीच सांगतो. मायले मातीत ठेवलं तवा यायनं कबरीपाशी प्रार्थना केली. आठवते?"

"आठवते."

"रडत रडत म्हणे, बापा, मेलेल्या लाजरले आठव्या दिवशी उठवलं तसं आमच्या मायले उठवजो. अन् तुमी डोळे उघडून सगळ्यांपुढं म्हटलं, 'चौथ्या.' लोक हासले. तवापासून या माणसानं तोंडातून प्रार्थना काढली नाई. आमच्या घरी अकरा वर्षं झाले, जेवण मुक्यानंच सुरू होते."

"पण चौथाच होता व, नीलम—"

नीलमनं प्लेट उचलून आत नेली.

काकांना दवाखाना आठवला. गुरांना औषध पाजताना ते आधी घसा चोळत, मग औषध ओतत. मायच्या कबरीपाशी घसा चोळायचं राहूनच गेलं होतं. मग ते उठून दुकानात गेले.

"नत्थू, उद्या चाल. बोकडावर तू प्रार्थना कर."

"मी? अन् चुकलो तर?"

"चुकजो."

नत्थूनं हातातला पाना खाली ठेवला. "तू गप्प राहशीन?"

काकांनी एवढी अवघड प्रतिज्ञा बाप्तिस्म्याच्या वेळीही केली नव्हती. "राहीन," ते म्हणाले.

रविवारी मंडळीचं देऊळ माणसांनी फुललं. निम्मी बोकडासाठी आलेली. नत्थू वेदीपुढे उभा राहिला.

"हे बापा," त्यानं सुरुवात केली, "मोशे आपल्या पोराले कापाले निघाला, तवा तूच झुडपात मेंढा धाडला..."

बाकांवर कुजबूज झाली. काकांनीच घडवलेली मंडळी ती, चूक ऐकून गप्प बसेल कशी? वर्गात पहिल्या येणाऱ्या ललिताबाईनं तर हात वर करून सांगूनच टाकलं, "अब्राहाम! उत्पत्ति बावीस!"

नत्थूची प्रार्थना तुटली. डोळे उघडले, मान खाली गेली, पाऊल दाराकडे वळलं. गप्प राहायचं वचन दिलेले काका मोठ्यानं बोलले.

"ललिते, खाली बस. मोशेच होता."

"पण काका, तुमीच तर..."

"मले माहीत हाय मी काय शिकवलं थे! आज मोशेच हाय. कोणाले काई अडचण? पाळकसाहेब, तुमाले?"

पियुषनं दोन्ही हात जोडले. त्याला एवढा आनंद दीक्षेच्या दिवशीही झाला नव्हता.

"चालू ठेव, नत्थू."

आणि नत्थू चालू झाला. अकरा वर्षांचं तुंबलेलं, पाऊण तास चाललं. योनाला त्यानं तारवात बसवलं, दानीएलाला उंबराच्या झाडावर चढवलं, गल्याथाला पाण्यावरून चालवलं. दर चुकीला काकांच्या कपाळावर घाम फुटे आणि दर चुकीला ते "आमेन" म्हणत. शेवटी नत्थूनं मायचं नाव घेतलं, तिला कोणत्याही दिवशी उठव म्हणाला, आणि थांबला.

"भाऊ," खाली उतरून त्यानं हळूच विचारलं, "कशी झाली?"

काकांनी रुमालानं तोंड पुसलं, मग डोळे.

"नत्थू, अशी प्रार्थना मी जन्मात आयकली नाई."

आणि हे मात्र अक्षरशः खरं होतं.