धाव चढवायचा दगड

मी एक जुना दगड आहे. जात्यासारखा गोल, पण चांगला पुरुषभर रुंद, आणि मधोमध भोक. मित्रांनो, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ते चाक माझ्यावर आडवं ठेवतात. चाकाच्या मधला लाकडी तुंबा माझ्या भोकात बसतो, वरून लालभडक धाव उतरते, लगेच पाणी ओततात आणि ती लाकडाला आवळून बसते. चटका मलाही बसतो, पण दगडाला कोण विचारतो!

सहादेव लोहाराच्या आजाने मला डोंगरातून ओढून आणलं. सहा बैल लागले, असं तो सांगायचा; दर वर्षी त्यात एक बैल वाढायचा.

तिसगावकडची सडक आमच्या बाजारगावात शिरते, तिथल्या गल्लीत लोहारांचे अकरा भाते होते. ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या दसऱ्याआधी माझ्यापुढे रांग लावत. सहादेव सांडशीने धाव धरी, त्याची बायको गोजरबाई घण घाली. "ह्या दगडावरची धाव कारखान्यापातुर हालत न्हाई," असं गाडीवान म्हणत आणि मी फुगून जाई.

बहात्तर साली पाऊस आला नाही. साखळी घेऊन मोजणीवाले आले. नव्या नकाशात आमची गल्ली घरांची आणि दुकानांची ठरली. भाते ओढ्यापलीकडच्या माळावर न्यायचे होते. ज्याचं काम चालू दिसेल त्यालाच तिथे जागा, आणि ते पाहायला एक साहेब एकदाच येणार होते.

आबासाहेब मास्तर नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. लोहारांना कागद उमगत नाहीत म्हणून अकराही अर्ज त्यांनी लिहिले, उन्हातान्हात कचेरीला हेलपाटे घातले. पाहणीची तारीखही त्यांनीच मागून घेतली. रविवारी बाजार भरतो, दुसऱ्या दिवशी हाताला भरपूर काम असतं, म्हणून दहा जुलै, सोमवार. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंचांग कुणीच पाहिलं नाही.

तो सोमवार अमावस्येचा निघाला. अमावस्येला लोहार भाता हलवत नाही, घण उचलत नाही. ऐरणीला हळदकुंकू वाहून स्वस्थ बसतो. साहेब हत्यारं बघतील आणि जातील, असंच सगळे समजून चालले. उलट पाहुणा येणार म्हणून बायांनी राख काढली, भट्ट्या सारवल्या. गल्ली इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. मला भीतीच वाटली.

साहेबांनी गार भट्टीत हात घातला. "इथे काम होत नाही वाटतं?"

"सायेब, आज आवस हाय," गोजरबाई म्हणाली. "उंद्या या, म्हनाल तेवढा जाळ दावते."

"उद्या मला श्रीगोंद्याला जायचंय, बाई. दिसेल ते लिहायचं, एवढंच माझं काम."

साहेबांबरोबर आलेल्या मास्तरांचा चेहरा उतरला. "सहादेवा, अरे, आजच्या दिवस पेटव!"

"मास्तर, तुमी म्हनला तितं आंगठा दिला," सहादेव म्हणाला. "पन आवसंला भाता माज्या बापानं हालवला न्हाई. ह्यो दिवस मागायच्या आदी येकदा इचारायचं हुतं."

गोजरबाईचा हात भात्याच्या दोरीपर्यंत गेला आणि थांबला. अकरा नावांपुढे 'बंद' लागलं. मास्तर पंचांग घेऊन चार वेळा कचेरीत गेले; जागांची यादी पक्की झाली होती. आता ते आमच्या गल्लीतून जात नाहीत. त्यांचा राग करावा, असं मला वाटत नाही. त्यांच्याइतकी धडपड आमच्यासाठी दुसऱ्या कुणी केली नव्हती.

मित्रांनो, कुणाला मदत करायला निघालात तर आधी त्याच्या ओट्यावर घटकाभर बसा. तो कधी राबतो आणि कधी हात आवरतो, ते त्यालाच विचारा. मग अर्ज लिहा.

गल्ली आता रुंद होते आहे. दुष्काळी कामावर खडी फोडायला माणसं लावली आहेत. काल मुकादमाने माझ्यावर चुन्याची फुली मारली आणि घण हजेरीवरच्या एका मजुराच्या हातात दिला. तो सहादेव होता. "उंद्या फोडतो," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्यावर बसून राहिला.