स्तामातिसच्या तोंडातलं नाणं

"थांबा मावशी, नाणं धुऊ नका," झोर्झी धापा टाकत म्हणाला. "तसंच काळं द्या. साहेबांना काळंच लागतं."

अंजेरूने मान वर केली नाही. ती दफनभूमीच्या भिंतीलगत बसली होती. मांडीवर नवऱ्याची कवटी, बाजूला लाल दारूचा बुधला. तीन वर्षं झाली की मयताची हाडं उकरायची, दारूने धुवायची आणि देवळामागच्या कोठीत ठेवायची, हे गावात तिचं काम. वीस वर्षांत अर्ध्या गावाला तिने अशी अंघोळ घातली होती. आज स्वतःच्या माणसाची पाळी आली, आणि त्यावर नजर ठेवायला हा मेला बंदरावरून खेचर हाकत आला होता.

झोर्झी दलाल होता. स्मिर्ना शहरातल्या एका फिरंगी हकिमाला जुनी नाणी गोळा करायचा नाद, म्हणून हा बेटावर गावोगाव हिंडायचा. लग्नात नवरीच्या कपाळपट्टीवरच्या नाण्यांकडे आणि मयताच्या तोंडात ठेवलेल्या नाण्याकडे एकाच नजरेने बघायचा. मस्तकीच्या डिंकाच्या झाडाखालची माती खरवडताना अंजेरूच्या नवऱ्याला, स्तामातिसला, चांदीचं जुनं नाणं सापडलं होतं, मागे नुसता चौकोनी खळगा, पुढे सिंहाच्या अंगाची एक पंखवाली बाई. स्तामातिस तिला 'नवरी' म्हणायचा. झोर्झीला बातमी लागली, तो धावत आला, पण त्याच सकाळी स्तामातिसला नाण्यासकट पुरलं होतं. स्वतःच्या आईच्या वर्षश्राद्धाला न फिरकलेल्या या माणसाने मग ही तीन वर्षं बोटांवर मोजली.

अंजेरूने कवटीच्या जबड्यातून नाणं अलगद सोडवलं.

"काका तर पार पोचले," झोर्झी गोड आवाजात म्हणाला. "नावाड्याचं भाडं चुकतं झालं. आता याचं काय काम?"

"आणि मी काय पोहत जाऊ?"

मेलेल्यांना नदीपलीकडे नेणारा नावाडी फार जुना, हे गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. सुलतानाची आजकालची तांबं मिसळलेली नाणी तो पाण्यात फेकतो. जुनं नाणं गावात एवढं एकच. मूलबाळ नव्हतंच. जाताना स्तामातिस म्हणाला होता, "मी वापरून ठेवून देतो तोंडात. माझी हाडं काढशील तेव्हा घे. तुझं भाडं झालं." एवढ्या भरवशावर ती तीन वर्षं एकटी राहिली होती.

"तुम्हाला व्हेनिसचं सोन्याचं देतो की," झोर्झी म्हणाला.

"ते तुझ्या तोंडात ठेव. जरा लवकर ठेव."

"मावशी, साहेब मोठे विद्वान आहेत. मखमलीच्या कप्प्यात ठेवतील, खाली नाव लिहून."

"कुणाचं? माझ्या नवऱ्याचं?"

"छे, त्यांचं कशाला? कुठल्या शहराचं, कुठल्या काळाचं, ते."

"म्हणजे मेल्याच्या टाळूवरचं लोणी खायचं आणि वर चिठ्ठी लावायची. आमच्यात याला चोर म्हणतात, तुमच्यात विद्वान."

इतका वेळ गावचा पाद्री पापा मिखालिस जपमाळ चाळवत उभा होता. झोर्झीने देवळाला वर्षभराचं तेल कबूल केलं आहे, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तो घसा साफ करून म्हणाला, "अंजेरू, देऊन टाक. ती मूर्तिपूजकांची भुताटकी आहे. ती राक्षसीण इथे आहे तोवर मी स्तामातिसवर प्रार्थना म्हणणार नाही."

आता मात्र तिचे हात थांबले. प्रार्थनेशिवाय हाडं कोठीत जात नाहीत. बिनप्रार्थनेची हाडं भिंतीबाहेर, कुत्र्यांच्या वाटेवर. एकाला तेल हवं, एकाला बक्षिसी, आणि मधे तिचा माणूस.

"राक्षसिणीचीच अडचण आहे ना, पापा?"

"तेवढीच."

"शब्द?"

"देवाशपथ."

तिने कवटी फडक्यावर ठेवली आणि देवळाची खरबरीत पायरी गाठली. नाणं पालथं करून, तळव्याचा सगळा जोर देऊन ती ते दगडावर घासू लागली.

झोर्झी पुढे धावला, पण म्हातारीने नुसतं बघितलं आणि तो जागीच थबकला. ती घासत राहिली. पायरीवर चांदीची करडी रेघ उमटली, बोटांची सालं निघाली. आधी पंख गेले, मग चेहरा, शेवटी पंजे. तिने नाणं पापाच्या नाकासमोर धरलं.

"कुठाय राक्षसीण? म्हणा आता प्रार्थना."

पापाने दोन्ही बाजू बघितल्या. तेल तर गेलंच होतं, पण शपथ उरली होती. त्याने पोथी उघडली.

"काय केलंत हे, मावशी," झोर्झीचा आवाज बसला होता. स्वतःच्या आईला पुरतानाही तो असा दिसला नव्हता. "दोन हजार वर्षांची वस्तू. आता ही कोण घेणार?"

"घेणारा आहे. तो तुझ्या साहेबासारखा चेहरे बघत बसत नाही."

झोर्झी खेचरावर बसून गेला. तो वळणाआड जाईपर्यंत तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने राहिलेली हाडं धुतली, नाणं रुमालाच्या टोकात बांधलं आणि हात जोडून उभी राहिली.

रोज संध्याकाळी ओट्यावर बसून स्तामातिस नवरीच्या पंखांवरून अंगठा फिरवायचा. पापाची प्रार्थना संपेपर्यंत अंजेरूचा अंगठा त्या गाठीतल्या नाण्यावर फिरत होता. पंख कुठे होते, ते त्याला सापडत नव्हतं.