नुसत्या खुणांची भाषा

धाकट्या बहिणीचं कौतुक झालं की थोरल्या भावाच्या पोटात दुखायचं. तो बारा वर्षं मुरलेला प्रोग्रामर. ती आत्ता कुठे वेबपानं लिहायची एचटीएमएल शिकली होती आणि वडिलांसाठी बातम्यांचं पान करून मोकळी झाली होती.

"एचटीएमएल ही काय भाषा आहे?" तो जेवताना फणकारला. "हे शीर्षक, हा परिच्छेद, अशा नुसत्या खुणा करायच्या! ना गणित, ना डोकं. हिला कशाला डोक्यावर घेऊन नाचताय, बाबा?"

नजर गेल्यापासून वडील फोनकडून सगळं वाचून घेत. त्यांनी बहिणीचं पान लावलं. तिच्या खुणांवरून फोन एकेक शीर्षक सांगत गेला आणि वडील हवं तिथे थांबून बातमी ऐकत गेले.

"आता माझं लावा," थोरला इरेला पेटला. त्याचं पान गेल्या वर्षीचं, वडिलांसाठीच महिनाभर खपून केलेलं, देखणं. फक्त खुणा करायचं हलकं काम त्याने टाळलं होतं.

फोन म्हणाला, "बटण. बटण. बटण."

"फोन बिघडलाय!"

"फोन ठणठणीत आहे," वडील हळूच म्हणाले. "वर्षभर तुझं पान हेच बोलतंय. तुला सांगू नका म्हणाली ही."