पडलेला प्लग

खंडेनवमीला बिरवाडीच्या शेडमध्ये आम्ही हत्यारांबरोबर विमानाच्या चार नव्या स्पार्क प्लगांचीही पूजा केली. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उचलत नाही. दोन माणसांचं ते विमान माझ्या पुतण्याने, मुकुलने, हौसेने बांधलं होतं. इंजिनात ठिणगी पाडायला त्याने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तेव्हा त्याला चालतील असे टोकाशी जास्त फट, म्हणजे गॅप, असलेले प्लग मी पुस्तकं वाचून निवडले. निवृत्त ग्रंथपालाची निवड बरोबर असेल का, ही शंका मला रोज छळायची.

आरतीनंतर ताट सरकवताना एक प्लग घरंगळून लादीवर आपटला.

सहदेव फिटरने तो उचलून फुंकला. "काय नाय झालं याला. उद्या सकाळी बसवतो."

"नको," मी म्हणालो. "पडलेला प्लग वापरायचा नसतो. आतली चिनीमाती तडकली तरी बाहेरून दिसत नाही."

मुकुल हसला. "झालं काकांचं पारायण सुरू! अहो, दसऱ्याला पहिलं उड्डाण ठरलंय. मुंबईहून दुसरा येईपर्यंत मुहूर्त थांबणार आहे का?"

"आणि वर इंजिन बंद पडलं तर?"

"तडकलाय, याची खात्री आहे तुम्हाला?"

खात्री नव्हती. मला कधीच कशाची नसते. एरवी मी इथे गप्प बसलो असतो. पण मी सहदेवच्या हातून प्लग घेतला, लादीवर ठेवला आणि पूजेतला हळदकुंकू लावलेला हातोडा उचलून त्याच्यावर घातला. पांढरे तुकडे उडाले.

"काका! तो चांगला असला तर?"

"असेल," मी म्हणालो. "आता बसवून दाखव."